दात कोरडा, मूल हजर

किडलेल्या दुधाच्या दाढेला सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, म्हणजे एसडीएफ, लावायला एक मिनिट पुरतं. सोलापुरातल्या शाळा-अंगणवाड्यांत हे औषध लावायचं आणि सहा महिन्यांनी कीड थांबली का ते बघायचं, असं काम आम्ही दंतवैद्यांनी हाती घेतलं, तेव्हा त्या एका मिनिटाच्या मागेपुढे किती काय असतं ते कळत गेलं. औषधाबद्दल वाचायला भरपूर मिळतं. पण संमतीचा कागद कुठे अडतो, कापूस कधी दगा देतो, सहा महिन्यांनी मूल का सापडत नाही, हे फारसं कुणी लिहीत नाही. पुढे असं काम करणाऱ्यांसाठी हे टिपण.

हेच औषध का, ते आधी. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या 51.9 टक्के आणि बारा वर्षांच्या 53.8 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे वर्गात साठ मुलं असतील तर तिशीच्या वर. एवढ्यांना खुर्ची, ड्रिल आणि इंजेक्शन कुठून पुरवणार? एसडीएफला यातलं काहीच लागत नाही. 38 टक्क्यांच्या द्रावणात फ्लोराइड सुमारे 44,800 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 44,800 भाग, असतं. आपल्याकडच्या टूथपेस्टला 1000 पीपीएमची मर्यादा आहे, त्यावरून ताकद लक्षात यावी. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेल्या दाताला पुन्हा कठीण करतं. जपानमध्ये हे 1970 पासून वापरात आहे आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खोट एकच, पण मोठी: जिथे कीड असते तो भाग काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. निरोगी दात मात्र काळा पडत नाही.

कागदपत्रांचा क्रम चुकला की सगळंच चुकतं. आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी, मग क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियात नोंदणी, आणि त्यानंतरच पहिलं मूल. नोंदणी मागाहून चालत नाही. शाळेची परवानगी हा वेगळाच विषय: महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग, जिल्हा परिषदेची असेल तर तिथले शिक्षणाधिकारी, अंगणवाडी असेल तर महिला व बालविकासवाले. एकाचं पत्र दुसऱ्याकडे चालत नाही. मुख्याध्यापिका बाई तोंडी हो म्हणाल्या, तरी आवक-जावक क्रमांकाचं पत्र हातात आल्याशिवाय जाऊ नये. मध्येच बाईंची बदली झाली, तर ते तोंडी हो त्यांच्याबरोबरच जातं.

मुलांची संख्या ठरवताना एक साधी चूक हमखास होते. निम्म्या मुलांत कीड असेल असं धरलं आणि अंदाजात पाच टक्क्यांची उणीव-अधिकता चालणार असेल, तर गणिताने 384 मुलं येतात. एका शाळेतली मुलं बरीचशी एकसारखी असतात, म्हणून शाळा निवडून केलेल्या पाहणीत आकडा दुप्पट करायचा: 768. आता दहा टक्के मुलं संमतीअभावी किंवा गैरहजेरीमुळे गळणार. बरेच जण 768 मध्ये दहा टक्के मिळवून 845 लिहितात. पण 845 मधले दहा टक्के गेले की 760 च उरतात. 768 ला 0.9 ने भागायचं, म्हणजे 854 येतात. फरक नऊ मुलांचा, पण अभ्यासाचा आराखडा तपासणारा पहिलं बोट तिथेच ठेवतो.

संमतीपत्रावर जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. सोलापुरात महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या आहेत, म्हणून पत्र चारही भाषांत लागतं. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते पुन्हा मराठीत आणायचं आणि मग दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून वाचायचे. ‘कीड’ या शब्दानेच पंचाईत होते. दातात खरोखरचा किडा वळवळतो आणि धुरी दिली की तो बाहेर पडतो, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. मुलाच्या दातात कीड आहे का, असं विचारलं तर किडा दिसला नाही म्हणून आई ‘नाही’ सांगते. ‘दाताला खड्डा पडलाय का, खाताना अन्न अडकतं का, रात्री उठून रडतो का’ असं विचारलं की उत्तर बरोबर येतं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली वस्तीत ‘पन्नू’ आणि कन्नड घरांत ‘हल्लू’, म्हणजे दात, एवढा एक शब्द आला तरी आई-आजीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

काळ्या डागाबद्दल नुसतं लिहून भागत नाही, फोटो दाखवावाच लागतो. औषध लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा, पुढच्या दाताचा आणि मागच्या दाढेचा, असे चार रंगीत फोटो. न्यूयॉर्कमध्ये पालकांना असेच फोटो दाखवून केलेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मागच्या दाढेवरचा काळा डाग 67.5 टक्के पालकांना चालण्यासारखा वाटला, पुढच्या दातावरचा फक्त 29.7 टक्क्यांना. इथेही कल तोच: दाढेला लावा, समोर नको. ही अट मान्य करून संमतीपत्रात पुढच्या दातांसाठी वेगळी सही ठेवली की भांडणं टळतात. रंग समजावायला सगळ्यात कामी येते ती मतदानाची शाई. बोटावर ती काळी पडते कारण तिच्यात चांदीचाच क्षार असतो. हे एकदा सांगितलं की पुढे फार बोलावं लागत नाही.

पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर ती रिकामीच जाते. विडी वळणाऱ्या बायका त्या वेळी विड्या देऊन पान-तंबाखू आणायला गेलेल्या असतात आणि यंत्रमागावरचे वडील पाळीत असतात. संध्याकाळी, वस्तीतच, अंगणवाडी सेविकेच्या ओळखीने बसलं की बायका येतात. येतात ते एक वाक्य घेऊन: ‘दुधाचेच दात ते, पडणारच की.’ याला उत्तर म्हणून तोंडाचा प्लॅस्टिकचा नमुना जवळ ठेवावा. दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. तोवर तिनेच घास चावायचा आणि मागून येणाऱ्या दाढेची जागा राखायची. शिवाय सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ कुठलाच दात न पडता थेट मागे उगवते, त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते आणि किडू दिली जाते. हे नमुन्यावर बोट ठेवून दाखवलं की बरीच कामं एकदम होतात. सात वर्षांच्या पुढच्या मुलाची तोंडी तयारीही विचारावी लागते. त्याहून लहान मुलाने तोंड मिटून घेतलं तर त्या दिवशी ते मूल सोडून द्यायचं. धरून-दाबून केलेल्या कामात दात ओलाच राहतो.

आता तपासणी. दोघे तपासणार असतील तर आधी दोघांचे डोळे जुळले पाहिजेत. वीसेक मुलं दोघांनी एकमेकांचं न ऐकता तपासायची आणि ‘कप्पा’, म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा, काढायचा. 0.8 च्या वर आला तर पुढे जायचं, खाली आला तर कुठल्या दातावर मतभेद झाला ते बसून बघायचं. मतभेद बहुतेक तीनच जागी होतात. एक, दाढेच्या चिरेतला तपकिरी रंग, जो नुसता डागही असू शकतो. दोन, हिरडीलगतचा पांढरा पट्टा. कोरडा केल्यावर तो खडूसारखा दिसला तर कीड सुरू झालीय. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच ढगाळ पट्टे असतील तर फ्लोरोसिसचा, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे पडलेल्या डागांचा, संशय घ्यायचा. तीन, आपल्याकडची मिश्री. घरात मिश्री लावणारं माणूस असलं की एखाद्या पोराच्या दातांवरही काळी कड सापडते आणि ती थांबलेल्या किडीसारखी दिसते. कापसाने घासली की बरीचशी निघते, किडीचा काळेपणा निघत नाही.

टोकदार प्रोब, म्हणजे दात तपासायची सळई, खुपसून बघायची सवय मोडायला हवी. पांढऱ्या डागाचा वरचा पापुद्रा शाबूत असेल तर तो दात सावरू शकतो. टोक रुतवलं की तिथे आपणच खड्डा करतो. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल टोकाचा प्रोब घ्यावा आणि पृष्ठभागावरून हलका फिरवावा.

नोंदीतली सगळ्यात महागडी चूक पुढच्या दातांची. दुधाच्या दातांचा निर्देशांक किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात मोजतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात आपोआप पडलेले असतात. नवखा लेखनिक ते ‘गेलेले’ म्हणून टिपतो आणि शाळाच्या शाळा आजारी दिसायला लागते. सांगणाराही ‘पंचावन्न’ आणि ‘पंधरा’ एका दमात म्हणतो. 55 ही वरची उजवी दुधाची शेवटची दाढ, 15 तिच्या जागी पुढे येणारी कायमची. आम्ही आकडे सुटे म्हणायला लागलो, पाच-पाच, एक-पाच, तेव्हा गोंधळ थांबला.

औषध कुणाला लावायचं नाही, हे लावण्याआधी ठरतं. रात्री झोपमोड करणारी कळ, हिरडीवर पुळी, गालावर सूज, खड्ड्यात नस उघडी पडलेली, हालणारा दात, तोंड आलेलं, चांदीची ॲलर्जी, अशा कुठल्याही मुलाला एसडीएफ नाही. मेलेल्या नसेवर ते काम करत नाही. वरून काळा झालेला दात बघून घरचे निर्धास्त होतात आणि आत पू वाढत राहतो. अशा मुलांची यादी त्याच दिवशी वेगळी करून पालकांच्या हातात चिठ्ठी द्यायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे आजार धरलेले आहेत, त्यामुळे शाळा तपासणीच्या पथकाला कळवलं तर पुढे पाठवायची वाट तयार असते. सूज असेल तर मात्र कुठल्याच वाटेची वाट बघायची नाही, थेट रुग्णालयात पाठवायचं.

आता ते एक मिनिट. मुलाला दोन बाकं जोडून आडवं करायचं, डोकं आपल्याकडे, डोळ्यांवर चष्मा किंवा रुमाल. गळ्याभोवती प्लॅस्टिकचा एप्रन, कारण गणवेशावर पडलेला थेंब धुऊन जात नाही. ओठांना आणि दाढेजवळच्या हिरडीला व्हॅसलीन. ते दाताच्या खड्ड्यावर गेलं तर औषध आत शिरत नाही, म्हणून बोटाने न लावता बोळ्याने लावायचं. खड्ड्यातली बिस्किटाची लगदी चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरने काढायची. पोखरायचं नाही, फक्त अन्न काढायचं. मग गालाच्या बाजूला एक, खालच्या दाढेला जिभेच्या बाजूलाही एक कापसाची वळकटी. दात कापसाच्या बोळ्याने टिपून पुरता कोरडा करायचा. औषधाचा एकच थेंब, सुमारे 25 मायक्रोलिटर, प्लॅस्टिकच्या वाटीत घ्यायचा. काचेच्या किंवा धातूच्या वाटीत घेऊ नये. एका थेंबात पाच दातांचं भागतं. दर दहा किलो वजनामागे एक थेंब ही मर्यादा. चौदा-पंधरा किलोच्या मुलाला एकच. मायक्रोब्रश बुडवून वाटीच्या कडेला निथळायचा, खड्ड्यात मिनिटभर चोळायचा, आणखी मिनिटभर कापूस तसाच ठेवायचा आणि उरलेलं टिपून घ्यायचं.

बिघडतं ते जवळजवळ दर वेळी थुंकीमुळे. लाळ आली की औषध पातळ होतं, हिरडीवर पसरतं, जळजळ होते, चव धातूसारखी लागते, मूल तोंड मिटतं आणि पुढचा दात हातचा जातो. वरच्या दाढेला गालाच्या बाजूच्या लाळग्रंथीचं तोंड नेमकं समोर असतं, तिथे वळकटी अर्ध्या मिनिटात भिजते. बदलायला दुसरी हातात तयार हवी. खालच्या दाढेला जीभ आडवी येते. लेखनिकाला लिहिण्याचं काम देऊन लावणाऱ्याला एकटं सोडलं की पहिल्या दहा मुलांतच हात कमी पडतात. लावणारा, कापूस सांभाळणारा आणि घड्याळ बघत लिहिणारा, असे तिघे लागतातच. मनातल्या मनात मोजलेलं मिनिट पस्तीस सेकंदांचं भरतं, हे स्टॉपवॉच लावून बघावं.

द्रावण उजेडात खराब होतं आणि वाटीत उघडं राहिलं तर उडतं, म्हणून थेंब पाडला की लगेच वापरायचा. कातडीवर डाग पडला तर घाबरू नये, आठवडा-दोन आठवड्यांत जातो. पालकांना आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं. बाकावरचा आणि फरशीवरचा जात नाही. शाळेशी संबंध टिकवायचे असतील तर प्लॅस्टिक अंथरावं.

आरसे आणि प्रोब जितकी मुलं तितके लागतात. गुंडाळलेल्या संचाला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर 30 मिनिटं. शाळेत हे जमत नाही, त्यामुळे दिवसाला साठ मुलं करायची तर साठ संच आदल्या रात्री तयार हवेत. पाणीही आपलंच न्यावं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि शाळेच्या टाकीतलं पाणी आपण संपवणं बरं दिसत नाही.

काही खड्डे भरायचेही असतात. हत्याराने मऊ भाग काढायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं, ही रीत सोपी आहे. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की सिमेंट मळतानाच घट्ट होतं. मळलेल्या गोळीची चमक गेली की ती दाताला चिकटत नाही, टाकून द्यायची. काचेची पाटी बर्फाच्या डब्यात थंड करून, पुसून कोरडी करून वापरली की थोडा वेळ मिळतो. दव राहिलं तर सिमेंट कमकुवत होतं. दाढेच्या वरच्याच पृष्ठभागावरचा खड्डा असेल तर दुधाच्या दातांत असं भरण दोन वर्षांनी शंभरातल्या नव्वदीच्या पुढे टिकलेलं दिसतं. दोन दातांच्या फटीतला असेल तर साठीच्या आसपासच. फटीतल्या किडीला त्यापेक्षा स्टीलची टोपी बरी. कीड न काढता, इंजेक्शन न देता टोपी सिमेंटने बसवायची, ही स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. तिथल्याच 132 मुलांच्या पाच वर्षांच्या अभ्यासात मोठी बिघाडी टोपीच्या दातांत 3 टक्के आणि नेहमीच्या भरणात 16.5 टक्के निघाली. मात्र त्याआधी तीन ते पाच दिवस फटीत रबरी कडी ठेवावी लागते, म्हणजे दोन भेटी, आणि टोपी घशात जाऊ नये म्हणून मुलाला बसवून काम. शाळेच्या बाकावर हे करू नये, दवाखान्यातच करावं.

आहाराचा तक्ता भरताना ‘गोड खातो का’ हा प्रश्न काढून टाकला. कालच्या सकाळपासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते क्रमाने विचारायचं. चहात बुडवून बिस्किटं, दुकानातली पाच रुपयांची पुडी, पुन्हा चहा, झोपताना दुधाची बाटली. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त भोवतं, कारण प्रत्येक घासानंतर तोंडातलं आम्ल उतरायला अर्धा-पाऊण तास जातो. बाटलीच्या पोरांत वरचे चार पुढचे दात किडतात आणि खालचे शाबूत राहतात, कारण खालच्यांना जिभेचा आणि लाळेचा आडोसा असतो. हे चित्र दिसलं की आईने बाटली कबूल करायच्या आधीच उत्तर कळतं. टूथपेस्टबद्दल विचारू नये, ट्यूबच आणायला सांगावी आणि त्यावर फ्लोराइड किती लिहिलंय ते वाचावं. अनेक ट्यूबांवर ते नसतंच.

सहा महिन्यांनंतरची भेट हा खरा अभ्यास, आणि ती कॅलेंडर बघून आधीच ठरवायची असते. नोव्हेंबरात औषध लावलं तर फेरतपासणी मेमध्ये येते आणि शाळेला टाळं असतं. जुलैच्या सुरुवातीला लावलं तर ती जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेवर आदळते. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत वर्ग अर्धे असतात. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य, आणि मग जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, ही जोडी बसते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तरीही हातची जातात, आणि भाड्याची खोली बदलली की पोराची शाळाही बदलते. फोन नंबर एक असून चालत नाही. वडिलांचा, मामाचा, शेजारच्यांचा, असे तीन घ्यावेत आणि दर दोन महिन्यांनी लावून बघावेत. जी मुलं सापडत नाहीत ती बहुतेक जास्त हलाखीतली असतात आणि त्यांचीच कीड जास्त वाढलेली असायची शक्यता असते. फक्त सापडलेल्यांवरून आकडा काढला तर औषध आहे त्याहून गुणी दिसतं.

फेरतपासणीत रंगावर जायचं नाही. काळा म्हणजे थांबला असं नसतं. गोल टोकाचा प्रोब हलका फिरवून बघायचं: कठीण आणि गुळगुळीत लागला तर थांबली, चामड्यासारखा दबला तर कीड चालूच आहे, पुन्हा लावायचं. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटाला फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप, दिलेलं असेल तर आणखी एक अडचण येते. काळा दात बघताच कुणाला काय दिलं ते तपासणाऱ्याला कळतं, त्यामुळे त्याला अंधारात ठेवता येत नाही. लावणारा आणि तपासणारा वेगळा ठेवावा, कठीणपणाची नोंद आधी सांगावी, रंगाची नंतर, आणि ही मर्यादा अहवालात सरळ लिहावी.

शेवटचा घोटाळा नोंदवहीतला. औषध लावलेला दात सहा महिन्यांनी तोंडात नसतो, तेव्हा आईला विचारायचं: पडला की पाडला? आपोआप पडला तर तो दात हिशेबातून बाहेर, कुणी दुखतो म्हणून काढून टाकला असेल तर तो औषधाच्या अपयशात. घाईत लिहिताना एक काना राहून जातो आणि अपयश पुसलं जातं. आमच्या तक्त्यात आता हे शब्द हाताने लिहायचे नसतात. दोन चौकटी छापलेल्या असतात, ‘आपोआप गेला’ आणि ‘काढून टाकला’, आणि त्यांच्या शेजारी कोणी सांगितलं त्याची जागा: आई, आजी की मूल.